चढाला लागलं की गाडी मिसिंग करतेय. प्लग झाले, कॉइल झाली, तिसरा सिलिंडर तसाच

बिंदुसराकाठ (बीड) | २ मार्च, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, डोकं चालेना म्हणून इथं लिहितोय.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, ९६ हजार किलोमीटर. गॅस किट नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, रोज जाऊन-येऊन ३८ किलोमीटर याच गाडीनं होतात.

फेब्रुवारीत आईला घेऊन तुळजापूरला निघालो होतो. पाली मागं पडली, मांजरसुंब्याचा घाट लागला. चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडीनं धक्के द्यायला सुरुवात केली. स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं, पिकअप गेला, मीटरमधली इंजिनाची पिवळी लाइट लुकलुकायला लागली. कडेला घेऊन बंद केली. दहा मिनिटांनी चालू केली तर जागेवर एकदम गुळगुळीत. पुढं जायची हिंमत झाली नाही, माघारी फिरलो. आई म्हणाली, देवीनं अजून बोलावलं नाही. तिचं दर्शन राहिलंय, ते माझ्या मनाला लागून राहिलंय.

गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावला, कोड आला पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग, नीट पेटत नाही. चारही प्लग बदलले, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) नवी टाकली. ३,४०० रुपये. दोन दिवस छान चालली. तिसऱ्या दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर तेच. परत नेली, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. पुन्हा दोन दिवस बरी, पुन्हा तेच. आता ते म्हणतात तिसऱ्याचा वॉल्व्ह जळाला असेल, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवावं लागेल, २२ ते २५ हजार धरा.

हेड उतरवू का?

---

मोंढा_मिस्त्री (जालना) | २ मार्च, रात्री १०:२०

भाऊ, थांबा. वॉल्व्ह जळाला तर गाडी जागेवर पण हालती, सकाळी थंडी असताना पण हालती. तुमची जागेवर गुळगुळीत हाय म्हणता. जळालेला वॉल्व्ह दोन दिवस बरा होऊन पुन्हा जळत नसतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मापल्याबिगर हेडला पाना लावू देऊ नका.

---

काळी_कसदार (परभणी) | ३ मार्च, सकाळी ७:१५

पेट्रोलचाच दोष असणार. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय, आणि २०१४ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. माझ्या गाडीचं ॲव्हरेज पण कमी झालंय. टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं भरून बघा.

---

शिल्पनिदेशक_निवृत्त (नांदेड) | ३ मार्च, सकाळी ११:०५

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्या सवयीनं जरा सविस्तर लिहितो.

आधी ई-२० चं. ॲव्हरेज कमी होणं खरं आहे. एक लिटर इथेनॉलमधून जी ऊर्जा मिळते ती पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. इथेनॉलला हवाही कमी लागते: साध्या पेट्रोलला १ भागाला १४.७ भाग, इथेनॉलला ९ भाग. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांवर, सीलवर परिणाम होतो, टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, हेही खरं. पण पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच रेलमधून, म्हणजे सामाईक नळीतून, जातं. दोष पेट्रोलचा असता तर चौघेही कुरकुरले असते आणि कोड पी०३०० आला असता, म्हणजे सिलिंडर ठरलेला नाही. इथं बोट नेमकं तिसऱ्याकडे आहे. कोडचा शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर.

गाडीला हे कळतं कसं, तेही समजून घ्या. क्रँकशाफ्टच्या टोकाला दात्यांची चकती असते आणि तिच्यासमोर सेन्सर. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर पेटतो, बहुतेक गाड्यांत १-३-४-२ या क्रमानं. ज्याची पाळी आहे तो पेटला नाही तर त्या अर्ध्या फेऱ्यात क्रँक किंचित मंदावतो आणि दाते उशिरा येतात. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हे मोजून सांगतो की तिसरा चुकला. का चुकला, हे तो सांगत नाही. पी०३०३ वाचून कॉइल बदलणं म्हणजे ताप आहे म्हणून लगेच मलेरियाची गोळी देणं.

पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि दाब. तुमच्याकडे फक्त ठिणगीची बाजू तपासली गेली, तीही नवीन वस्तू टाकून. नवीन वस्तू टाकली म्हणजे तपासलं असं होत नाही.

दोन प्रश्न. सकाळी थंड असताना कधी होतं का? आणि लाइट लुकलुकत होती तेव्हा तुम्ही किती वेळ चालवली? नुसती पेटलेली लाइट असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. लुकलुकत असेल तर पाय काढा आणि थांबा. सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोका आहे, असं गाडी सांगत असते. न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. ती वस्तू तुमच्या हेडच्या कामापेक्षा महाग पडेल.

---

बिंदुसराकाठ | ३ मार्च, संध्याकाळी ६:३०

सर, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. थंडीत कधीच नाही. १५-२० किलोमीटर चालल्यावर, चढ किंवा ओव्हरटेक असला की होतं. सपाट रस्त्यावर ६० ने गेलो तर काही नाही. लाइट लुकलुकल्यावर दोन्ही वेळा मिनिटभरात थांबलो.

---

गंजगोलाई (लातूर) | ३ मार्च, रात्री ८:१०

माझा अनुभव वेगळा, पण कामाला येईल. माझ्या गाडीत सीएनजी किट आहे. पेट्रोलवर मस्त, गॅसवर चढाला मिसिंग. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेली कॉइल पेट्रोलवर ओढून नेते आणि गॅसवर उघडी पडते. प्लगची फट १.१ मिलिमीटर होती, ती ०.८ केली, दोन कॉइल बदलल्या, गेलं. ओझ्याखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगी उडणं अवघड होतं. म्हणून चढावर होणारं मिसिंग ऐकलं की माझा पहिला संशय अजूनही कॉइलवरच.

गॅसवाल्यांनी टॅपेटची, म्हणजे वॉल्व्हवरची, फटही दर ४० हजार किलोमीटरला मापून घ्यावी. वॉल्व्हची सीट झिजते, फट कमी होते आणि गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही.

---

वेरूळ_रोड (छत्रपती संभाजीनगर) | ३ मार्च, रात्री ९:००

दादा, मी वाळूजला इंजिन टेस्टिंगमध्ये काम करते. आधी स्वतःचा स्कॅनर घ्या. ब्लूटूथवर चालणारा ओबीडी (गाडीतली दोष ओळखणारी यंत्रणा) अडॅप्टर सात-आठशे रुपयांत मिळतो, स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो, ॲप मोबाइलवर. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ च्या नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या गाडीत सगळं दिसेल.

गॅरेजमध्ये बहुतेक वेळा कोड वाचून लगेच खोडतात. तिथंच पुरावा जातो. कोड आला की खोडण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम, वेग, पाण्याचं तापमान, इंजिनावरचा लोड काय होता. दुसरी, पेंडिंग कोड. जे अजून पक्के झाले नाहीत, ज्यांनी लाइट पेटवलेली नाही, पण ईसीयूनं एकदा पाहिले आहेत, ते. त्या यादीकडे कुणी बघत नाही.

---

शिल्पनिदेशक_निवृत्त | ४ मार्च, सकाळी १०:४०

ताईंनी योग्य सांगितलं. गंजगोलाईंचा संशयही रास्त आहे, तो आधी निकालात काढू. पैसे न घालता.

इंजिन गार असताना तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाका आणि पहिल्याची तिसऱ्यावर. त्याच वेळी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या घरी पाठवायच्या. मग नेहमीसारखी गाडी चालवा. कोड पी०३०१ आला तर कॉइल, पी०३०२ आला तर प्लग. पी०३०३ च राहिला तर दोन्ही निर्दोष. एका फेरीत दोन साक्षी होतात.

हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग खोलू नका, आटे निघून येतात. घालताना आधी नुसत्या हातानं फिरवत न्या, पाना शेवटीच लावा. प्लगच्या विहिरीत तेल आहे का बघा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळलं की तेल तिथं साठतं, कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाजूनं हेडला पळते. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तेच.

---

बिंदुसराकाठ | ५ मार्च, रात्री ८:४५

केलं सर. विहिरी कोरड्या, काळी रेघ नाही. शेजारच्या पोरानं टॉर्च धरली. आज ३८ किलोमीटर झाले, मुद्दाम चढावर पळवली. एक धक्का नाही! कोडही नाही. कॉइल नीट बसलेली नसेल का?

---

शिल्पनिदेशक_निवृत्त | ५ मार्च, रात्री ९:१५

आनंद आहे, पण पेढे वाटू नका. फॉल्ट दुसऱ्या घरी गेलेला दिसला तर तो सापडला असं म्हणता येतं. तो नुसता दिसेनासा झालाय. चालवत राहा.

---

बिंदुसराकाठ | ७ मार्च, संध्याकाळी ७:३०

आलं परत. नवगण राजुरीकडून येताना ट्रकला ओव्हरटेक करताना. या वेळी अडॅप्टर लावलेला होता, सगळं वहीत उतरवून घेतलं.

पक्का कोड: पी०३०३
फ्रीझ फ्रेम: २,२४० आरपीएम, वेग ६१, पाणी ९१ अंश, लोड ७८ टक्के
धक्के बसत असताना शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते) +१९ ते +२२. जागेवर +२.

पेंडिंगचं पान गडबडीत उघडलं नाही, आणि घरी येऊन बघू म्हटलं तर मोबाइलमधल्या ॲपनं कोड खोडून टाकले. माझ्याकडूनच चुकीचं बटण दाबलं गेलं. फार वाईट वाटलं.

पण कॉइल आणि प्लग सुटले ना? तिसराच आलाय.

---

काळी_कसदार | ७ मार्च, रात्री ८:०५

ट्रिम +२० म्हणजे पेट्रोल कमी पडतंय ना? इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) चोक असणार मग.

---

शिल्पनिदेशक_निवृत्त | ७ मार्च, रात्री ९:२०

काळी_कसदार, इथं भलेभले फसतात म्हणून थांबवतो. सायलेन्सरच्या तोंडचा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. इंजेक्टर बंद पडला तर त्या सिलिंडरमधून नुसती हवा बाहेर येते, ऑक्सिजन जास्त. ठिणगी पडली नाही तरीही तो सगळा ऑक्सिजन न वापरता तसाच बाहेर येतो. दोन्ही वेळा सेन्सर ओरडतो की पेट्रोल कमी आहे. ट्रिमवरून दोघांतला चोर ओळखता येत नाही.

नाकानं येतो. ठिणगी नसेल तर पेट्रोल आत पडतं पण जळत नाही, प्लग ओला होतो, काळपट होतो आणि सायलेन्सरमागं उभं राहिलं तर कच्च्या पेट्रोलचा वास डोळ्यांत जातो. पेट्रोलच येत नसेल तर प्लग कोरडा राहतो आणि मागं वास नाही.

बिंदुसराकाठ, पुढच्या वेळी धक्के सुरू झाले की सोबतच्याला मागची काच उघडून वास घ्यायला सांगा. लगेच गाडी बंद करा, पुन्हा सुरू करू नका. हेडला हात लावता येईल इतकं निवलं की तिसऱ्याचा प्लग काढून शेजारच्याशी ताडून बघा.

एक सावधगिरी. चालू इंजिनात एकेक सिलिंडर बंद करून बघायची जुनी पद्धत आहे, त्यासाठी कॉइलचा कपलर (वायर जोडायचं प्लॅस्टिकचं टोक) ओढू नका. पेट्रोल पडत राहतं आणि कन्व्हर्टर तापतो, शिवाय झटका बसतो तो वेगळा. काढायचाच तर इंजेक्टरचा काढा, तोही काही सेकंद.

---

गंजगोलाई | ७ मार्च, रात्री ९:४०

सर, हे सोनं आहे. मी चार वर्षांपूर्वी हे वाचलं असतं तर इंजेक्टर सर्व्हिसिंगचे पैसे वाचले असते.

---

बिंदुसराकाठ | १० मार्च, रात्री ९:३०

मेहुण्याला मागं बसवून मांजरसुंब्याच्या घाटात गेलो. दोनदा चढलो-उतरलो तेव्हा कुठं धक्के आले. मेहुणा म्हणतो वास अजिबात नाही. कडेला घेतली, किल्ली काढली, लिंबाच्या सावलीत पाऊण तास बसलो.

तिसऱ्याचा प्लग काढला आणि दुसऱ्याचा. तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्याचं टोक विटकरी-तपकिरी, जसं असायला हवं तसं. तिसऱ्याचंही जवळपास तसंच, थोडं फिकट. ओल नाही, काजळी नाही. नाकाला लावला तर नुसता तापल्या लोखंडाचा वास. पेट्रोलचा मागमूस नाही.

आणि या वेळी पेंडिंगचं पान आधी उघडलं. पी०३०३ च्या खाली आणखी एक होता: पी०२०३.

---

वेरूळ_रोड | १० मार्च, रात्री ९:४२

दादा!! पी०२०३ म्हणजे तिसऱ्या इंजेक्टरचं सर्किट. इंजेक्टरमधला कचरा नाही, विजेची वाट. इंजेक्टर, कपलर, वायर किंवा ईसीयू, या चारांतलं काहीतरी. पहिल्याच दिवशी हा कोड कुणी पाहिला असता तर कॉइल बदलावीच लागली नसती.

मल्टीमीटरनं चारही इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मापा. अशा इंजेक्टरचा साधारण १२ ते १६ ओहम येतो. चारही एकमेकांच्या जवळ हवेत.

---

बिंदुसराकाठ | ११ मार्च, संध्याकाळी ७:००

१४.२, १४.१, १४.२, १४.३. गाडी घाटातून आल्या-आल्या पुन्हा मापले, गरम असल्यानं सगळे थोडे वाढले, पण चौघे सारखेच.

मन शांत व्हावं म्हणून दुसऱ्या गॅरेजला कॉम्प्रेशनही मापून घेतलं. चारही प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. १७०, १६५, १६८, १७२ पीएसआय. हेडचा विषय मिटला. २५ हजार वाचले, मोंढा_मिस्त्री, तुमच्यामुळं.

---

मोंढा_मिस्त्री | ११ मार्च, रात्री १०:१०

भाऊ, पैसे वाचले ते सरांमुळं. पण मी धागा पहिल्यापासून परत वाचला आणि एक गोष्ट डोक्यात बसली.

कॉइल बदलली, दोन दिवस बरी. थ्रॉटल बॉडी धुतली, दोन दिवस बरी. तुम्ही स्वतः प्लग-कॉइल फिरवले, दोन दिवस बरी. तीन कामं वेगळी, गुण एकच. तिन्ही वेळा हात कशाला लागला? एअर फिल्टरचा डबा काढला असणार, आणि वायरिंगची लड बाजूला सारली असणार. वायरिंग हालली की गाडी बरी होतीय.

चढावर इंजिन जोर लावतं तसं माउंटिंगवर मागं झुकतं. बोनेट उघडून रेस मारा, दिसतं डोळ्यांनी. इंजिन झुकलं की लड ताणती. तुमची वायर ताणल्यावर सुटती, सपाटीला पुन्हा भिडती.

आता खरं सांगा. दिवाळीनंतर गाडी शेतातल्या आखाड्यावर लावत होता का? आणि तिथं कापूस होता का?

---

बिंदुसराकाठ | ११ मार्च, रात्री १०:३१

मिस्त्री, अंगावर काटा आला.

हो. कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस गाडी आखाड्यावर होती, पत्र्याच्या शेडमध्ये, कापसाच्या ढिगाला लागून. डिसेंबरात एकदा गाडी चालूच झाली नव्हती. गावातल्या इलेक्ट्रिशियननं येऊन बघितलं, उंदरानं वायर कुरतडलीय म्हणाला, टेप मारून दिली, गाडी चालू झाली. मी ते विसरूनच गेलो होतो. फेब्रुवारीतल्या धक्क्यांशी त्याचा संबंध असेल हे सुचलंच नाही.

---

मोंढा_मिस्त्री | ११ मार्च, रात्री १०:४०

तीच जागा. उद्या टेप सोडा. बॅटरीची निगेटिव्ह काढून मग.

---

शिल्पनिदेशक_निवृत्त | १२ मार्च, सकाळी ९:००

मोंढा_मिस्त्री, तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी तुम्हाला शिकवायला उभं केलं असतं. पोस्ट मीही वाचल्या होत्या, पण माझं सगळं लक्ष सिलिंडरमध्ये होतं, हातांकडे नव्हतं.

बिंदुसराकाठ, टेप सोडण्याआधी एक खात्री करा. तिसऱ्या इंजेक्टरचा कपलर काढून त्यात टेस्ट लाइट लावा. साधा मोठा बल्ब नको, इंजेक्टरसाठीची बारीक लाइट मिळते ती. इंजिन चालू ठेवलं की ती लुकलुकेल, कारण एका पिनेवर १२ व्होल्ट कायम असतात आणि दुसरी पिन ईसीयू क्षणभर अर्थ करतो. उरलेल्या तीन सिलिंडरवर इंजिन हलेल, ते मिनिटभर चालेल. एकानं लाइटकडे बघायचं, दुसऱ्यानं लड वीतभर वीतभर हलवत जायचं.

---

बिंदुसराकाठ | १३ मार्च, रात्री ८:५०

सापडलं.

दुसऱ्या गॅरेजवाल्याकडे ती लाइट होती. मी लाइटकडे बघत होतो, तो कपलरपासून मागं लड हलवत गेला. इनटेक मॅनिफोल्डच्या मागं, जिथं लड वळून फायरवॉलकडे जाते, तिथल्या क्लिपपाशी त्यानं हलकेच खाली ओढली आणि लाइट विझली. सोडली, परत लुकलुकायला लागली. चार वेळा करून बघितलं. चारही वेळा तेच.

मग बॅटरी सोडून टेप काढली. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं टेपचा डिंक वितळून काळा चिकट झाला होता, बोटांना लागला तो रॉकेलनंच निघाला. आत चार वायरी कुरतडलेल्या. तीन नुसत्या सोललेल्या, त्यांचं तांबं शाबूत. चौथी, निळ्यावर पांढरी रेघ असलेली, पूर्ण तुटलेली होती आणि दोन टोकं नुसती एकमेकांना पीळ देऊन ठेवलेली. तो पीळ सैल झालेला, तांब्यावर हिरवी पूड चढलेली. बोटानं दाबलं की तारा भुरभुर गळत होत्या. उंदराच्या दातांच्या खुणा प्लॅस्टिकवर अजून स्पष्ट दिसत होत्या, बारीक बारीक, जोडीजोडीनं.

म्हणजे उंदरानं तोडली डिसेंबरात, आणि पीळ दिलेला जोड दोन महिन्यांत गंजला. पहिल्या दिवसापासून दुखणं एकाच ठिकाणी होतं, मी पैसे दुसऱ्या ठिकाणी घालत होतो.

हिरवं पडलेलं तांबं लख्ख लागेपर्यंत मागं कापून टाकलं. तेवढ्या लांबीचा त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा जोडला, दोन्ही जोडांना डाग (सोल्डर) दिला, वर हीट श्रिंक नळी. दोन्ही जोड एकाच जागी आले असते तर लड जाड झाली असती, म्हणून त्यानं जोड पुढं-मागं ठेवले, हे मला फार आवडलं. वरून कापडी टेप, मग पन्हाळी नळी, आणि लडीला थोडी ढील ठेवून क्लिप नव्या जागी. मजुरी ६०० रुपये.

---

वेरूळ_रोड | १३ मार्च, रात्री ९:०५

वाचून खूप बरं वाटलं दादा. फक्त एक: डागाच्या शेजारी वायर कडक होते आणि थरथरीनं तिथंच तुटू शकते. जोड क्लिपच्या आत आधार मिळेल असा आहे ना, ते बघून घ्या. आमच्याकडे इंजिनवरच्या वायरींना दाबून बसवायचे क्रिम्प जोड वापरतात ते त्यासाठीच.

---

काळी_कसदार | १३ मार्च, रात्री ९:३०

मी ई-२० म्हणालो होतो ते मागं घेतो. आमच्याकडेही सोयाबीनची पोती आणि गाडी एकाच शेडमध्ये असते. उंदरांचं काय करावं मग? डांबराच्या गोळ्या ठेवतो, काही उपयोग होत नाही.

---

मोंढा_मिस्त्री | १३ मार्च, रात्री १०:००

गोळ्यांचा वास दोन दिवसांत उडतो. तंबाखूचं पान, फिनेल, सगळं करून झालंय आमच्याकडं. उंदीर उबेला येतो. गाडी आली की इंजिन गरम असतं, तो वर चढतो. गाडी लावली की पहिला तासभर बोनेट उघडं ठेवा, धग जाऊ द्या, उजेड येऊ द्या. धान्यापासून, कापसापासून गाडी दूर. खालून बारीक जाळी बसवता येती, पण पंख्याला, बेल्टला लागणार नाही अशी पाहिजे. आणि रोज सकाळी चालू करायच्या आधी बोनेट उघडून बघा. कापसाचं बोंड, शेंगेची टरफलं दिसली की समजायचं पाहुणा येऊन गेला.

---

बिंदुसराकाठ | २२ मार्च, संध्याकाळी ७:४५

नऊ दिवस, ४१० किलोमीटर. दोन दिवसांचा नियम मोडला.

आज आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो. मांजरसुंब्याचा घाट चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून चढलो, गाडीत पाच माणसं. चौसाळा गेल्यावर आईनं विचारलं, एवढा गप का बसलास? मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. येरमाळ्याच्या चढालाही काही नाही. घरी आल्यावर स्कॅनर लावला. पक्का कोड नाही, पेंडिंग नाही, जागेवर ट्रिम +२.

काढून ठेवलेली जुनी कॉइल चांगलीच निघाली, ती डिकीत ठेवलीय. गॅरेजवाल्यावर राग नाही, पण त्यांना वहीतली पानं दाखवून आलो. त्यांनी पेंडिंगचं पान स्वतःच्या स्कॅनरवर कुठं असतं ते माझ्यासमोर शोधलं.

प्रसादाचा अंगारा सरांना आणि मिस्त्रींना पोचवायचाय. दोघांनी पत्ता खासगी निरोपात कळवावा.

---

पूर्णाकाठ (हिंगोली) | २४ मार्च, सकाळी ८:२०

सगळा धागा वाचला. माझ्या गाडीत पी०३०१ येतोय, गाडी धुतली की हमखास. मला पण मदत करा. इंजेक्टरचीच वायर असेल का?

---

शिल्पनिदेशक_निवृत्त | २४ मार्च, सकाळी ९:१०

यांच्या गाडीचं उत्तर तुमच्या गाडीला लावू नका. धुतल्यावर होतंय म्हणजे पाणी प्लगच्या विहिरीत उतरत असेल, आधी तिथं बघा. वेगळा धागा काढा आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहा, पहिल्याचा प्लग ओला होता का कोरडा.